नव्या शाईपेनाचे ‘पहिले मत’: धुण्याआधीचे की धुतल्यानंतरचे?

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडच्या पेनप्रेमींच्या हाती एखादे नवे स्वस्त शाईपेन आले की आठवड्याभरात दोन मते कानावर येतात. एकाच्या मते पेन अडखळते, दुसऱ्याच्या मते ते शाई ओकते. पेन तेच, निब तीच, शाईची बाटलीही बहुधा तीच. मग वाद सुरू होतो आणि तो फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतो: पेन धुऊन भरले होते की तसेच?

हा प्रश्न आपल्याकडे जुना नाही. बोरू आणि टाकाला तो लागूच नव्हता, कारण त्यांच्या पोटात शाई राहतच नसे. स्वदेशीच्या काळात राजमहेंद्रीला हाताने घडवलेली पेने तयार होऊ लागली, 1931 साली मुंबईत एका मराठी कुटुंबाने शाईच्या पुड्या आणि गोळ्यांवर धंदा उभा केला आणि पुढच्या काही दशकांत शाईपेन शाळकरी मुलांच्या खिशात आले. कोकणात ते बहुतेक मुंबईमार्गे पोचले. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणारा चाकरमानी अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून पेन घेऊन येई. पुढे आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून झाकल्या निबेची चिनी पेने आली. चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईपेन, हा क्रम तर कित्येक शाळांत ठरलेला होता.

त्या काळी पेनाची पारख दुकानातच होई. दुकानदार काउंटरवरच्या दौतीत निब बुडवून पेन हातात देई, गिऱ्हाईक चिठोऱ्यावर नाव लिहून बघे आणि सौदा होई. बुडवलेली निब पहिल्या चार ओळी ओलीच लिहिते, कारण शाई निबेच्या पाठीवर आणि फीडच्या, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तिच्याखालच्या तुकड्याच्या, खाचांत बाहेरून भरलेली असते. म्हणजे या पारखीत निबेचे टोक तेवढे तपासले जाई. फीड पोटातली शाई नीट पुढे आणते की नाही, हे घरी गेल्यावर कळे. स्वस्त पेनांच्या बहुतेक तक्रारी फीडच्या असतात, हे लक्षात घेतले तर दुकानातली पारख किती अपुरी होती ते कळते.

मग बॉलपेन आले, 1990 च्या दशकात जेल पेन आले आणि शाईपेन मागे पडले. आजची पेनप्रेमी मंडळी आहेत ती मुख्यतः 2010 नंतरच्या ऑनलाइन खरेदीतून तयार झालेली. कन्व्हर्टरसह, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या सुट्या नळीसह, मिळणारी जड धातूची चिनी पेने शे-दोनशे रुपयांपासून घरपोच येऊ लागली, जपानी कंपन्यांची साधी पेने त्याहून थोड्या जास्त किमतीत मिळू लागली आणि दुकानातली दौत या व्यवहारातून गेली. पेन न बघता घ्यायचे असल्यामुळे आधी घेणाऱ्याच्या शब्दाला किंमत आली. ‘पहिले मत’ लिहिण्याची रीत पडली ती इथून. नोव्हेंबर 2020 मध्ये चिनी खरेदीचे मोठे अ‍ॅप सरकारी बंदीत सापडले, तेव्हा लेथवर घडवलेल्या भारतीय एबोनाइट (कडक रबर) आणि अ‍ॅक्रिलिक पेनांकडे ओढा वाढला. जुलै 2022 मध्ये लिहिण्याच्या शाईवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्क्यांवर गेला, तेव्हा बाटली जपून वापरणाऱ्यांना पेन दोनदा भरून बघणेही महाग वाटू लागले. धुण्याच्या वादाला त्यामुळे धार आली, कारण धुऊन पुन्हा भरायचे म्हणजे एक भरण वाया.

न धुणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. पैसे मोजून घेतलेले पेन खोक्यातून काढल्याबरोबर लिहायला हवे. पाचवीतले पोर काही निब धुवत बसणार नाही. त्याच्या हातात पेन जसे वागेल तेच खरे मत. सामान्य गिऱ्हाइकाची बाजू म्हणून याला वजन आहे.

पण नव्या फीडमध्ये काय असते ते बघायला हवे. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या फीडवर आणि यंत्रावर कापलेल्या एबोनाइटच्या फीडवर तेलाचा पातळ थर राहू शकतो. शाई पाण्याची, त्यामुळे तेलकट खाचेत ती पसरत नाही, मण्यासारखी गोळा होते. पेन दोन ओळी लिहिते, तिसऱ्या ओळीत कोरडे पडते, झटकले की ठिपका टाकते आणि पुन्हा लिहू लागते. लिहिणारा निबेला दोष देतो आणि कधी कधी चिमट्याने टाइन, म्हणजे निबेच्या चिरेलगतची दोन पाती, फाकवून बसतो. मग तेल निघून गेल्यावर तेच पेन शाई ओकू लागते. बिघडवलेल्या निबांच्या कहाण्या ऐकल्या तर सुरुवात बहुतेक वेळा इथेच सापडते. म्हणून धुणाऱ्यांचा पक्ष जड आहे.

मात्र धुणाऱ्यांचीही एक चूक होते, आणि ती कोकणात जास्त होते. धुतलेले पेन वाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत निब खाली करून ठेवलेले पेन रात्रभरात कोरडे होते. जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा चोवीस तासांनंतरही फीडच्या आतल्या खाचांत पाणी राहते. कन्व्हर्टरमध्ये शाई जेमतेम 0.7 मिली मावते. फीडमध्ये दोन थेंब पाणी उरले तरी ते 0.1 मिली होते आणि पहिल्या पानावर आधी तेच उतरते. अक्षर फिकट आणि रुंद येते, पेन ‘फार ओले’ ठरते आणि हे मत पुढे पसरते. चौथ्या पानावर रेष आपोआप बारीक झालेली असते, पण तोवर मत देऊन झालेले असते.

जाणकारांची धुण्याची पद्धत आता बरीचशी ठरून गेली आहे. कन्व्हर्टर काढायचा. पेलाभर, म्हणजे साधारण 200 मिली, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालायचे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 5 मिलीच्या सिरिंजने किंवा कान धुण्याच्या रबरी फुग्याने हे पाणी मागच्या बाजूने निबेतून आठ-दहा वेळा सोडायचे, मग साध्या पाण्याने तितक्याच वेळा. पाणी गरम नको. एबोनाइटची चकाकी जाऊन ते मातकट होते. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, ते पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नये. खार निबेवर आणि पितळी क्लिपवर राहतो, स्टीलवर डाग पडतात आणि क्लिप हिरवी होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर चालते, फक्त बाटली पाण्याचीच आहे ना, अ‍ॅसिडची नाही ना, हे वाचून घ्यावे. मग निब टिश्यूत गुंडाळून तापाचा पारा झटकतात तसे दोन-चार वेळा झटकायचे आणि घडी घातलेल्या टिश्यूवर निब टेकवून उभे ठेवायचे. दर अर्ध्या तासाने टिश्यू बदलायचा. निब टेकवल्यावर ओला ठिपका उमटायचा थांबला की पेन भरायचे. पावसाळ्यात घड्याळापेक्षा या ठिपक्यावर विसंबणे बरे.

दुसरी अडचण चाचणीच्या वाक्याची. सुरुवातीची मते इंग्रजी वाक्ये लिहून दिली जात, कारण परदेशी मते तशीच असत. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत पेन कागदावरून फारसे उठत नाही. देवनागरीत ते जवळजवळ प्रत्येक अक्षराला उठते, शब्द संपला की मागे येते आणि शिरोरेषा ओढते. रेषेच्या सुरुवातीला अडखळणारी निब इंग्रजी लिहिताना खपून जाते. मराठीत तिचे अडखळणे शब्दागणिक दिसते. शिरोरेषा आणखी एक गोष्ट सांगते. डावीकडून उजवीकडे रेष ओढताना निब खरखरते आणि उलट ओढताना मऊ चालते, तर निबेचा डावा टाइन कागदाकडे झुकलेला असतो. दहापट भिंगातून तो दिसतो आणि नखाने खालून किंचित वर रेटला तर बहुतेक वेळा काम भागते. दोन्हीकडे खरखरत असेल तर कागद बघावा. पावसाळ्यात दमट झालेल्या वहीच्या कागदाचे तंतू उठतात, शाई फुटते आणि दोष पेनाला लागतो. वह्या पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवणाऱ्यांची मते म्हणूनच जास्त स्थिर असतात.

‘आयड्रॉपर’, म्हणजे ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे पेन, या शब्दाचाही थोडा गुंता आहे. शाळेत बहुतेक पेने ड्रॉपरने भरली जात, म्हणून त्याला वेगळे नाव नव्हते; आटे गळू नयेत म्हणून त्यावर दोरा गुंडाळत, आता सिलिकॉन ग्रीस लावतात. आज हा शब्द खास प्रकार म्हणून येतो आणि ‘आयड्रॉपर गळतात’ असे सरसकट मत त्याला चिकटून येते. गणित साधे आहे. नळीत 2 मिली हवा असेल आणि पेन 27 अंशांवरून हाताच्या ऊबेने 37 अंशांवर गेले, तर हवा सुमारे 0.07 मिलीने फुगते. म्हणजे एका थेंबाहून अधिक शाई बाहेर ढकलली जाते. फीडच्या दातांत ती मावली तर कळतही नाही, नाही मावली तर कागदावर थेंब पडतो. नळीत एक तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरावी, हा जुना शिरस्ता यासाठीच. नळी पूर्ण भरलेली असताना दिलेले ‘गळत नाही’ हे मत त्यामुळे अर्धेच असते.

अलीकडे काही मंडळी मत दोन भागांत लिहू लागली आहेत: खोक्यातून काढल्याबरोबरचे एक पान आणि धुऊन, वाळवून, दुसऱ्या भरणातले चौथे पान. सोबत महिना, शाई आणि कागद यांची नोंद असते. न धुणाऱ्यांना यात पहिले पान मिळते, धुणाऱ्यांना चौथे. एकमत अजून झालेले नाही, कारण दोन पानांत फरक पडला तर पेनाला बरे म्हणायचे की वाईट, यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत.