मुंबईच्या पावसाळ्यात ग्रिन्यार रिॲक्शन

जुलैमध्ये मुंबईतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ग्रिन्यार, म्हणजे कार्बनला कार्बन जोडायची एक रिॲक्शन, लावायची म्हणजे अर्धी लढाई हवेशीच. भिंतींना ओल आलेली, जर्नलची पानं मऊ पडलेली, आणि या रिॲक्शनला पाणी म्हणजे अगदी वर्ज्य. ते तसं का, हे एकदा डोक्यात बसलं ना की ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची निम्मी भीती जाते असं माझं ठाम मत आहे.

बघा, ऑर्गॅनिकवाल्यांचं मुख्य काम म्हणजे कार्बनला कार्बन जोडणं, औषध असो की सेंट, सांगाडा कार्बनचाच. आता ब्रोमोबेन्झीनमध्ये, म्हणजे ब्रोमिन जोडलेल्या बेन्झीनमध्ये, ब्रोमिनला लागून असलेला कार्बन इलेक्ट्रॉनला भुकेला, आणि ज्याला जोडायचा तो कीटोनचा, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला, कार्बनही भुकेलाच, मग कोण कोणाला देणार? फ्रान्समध्ये लिऑनला फिलिप बार्बिए यांच्या हाताखाली काम करणाऱ्या व्हिक्टर ग्रिन्यार यांनी 1900 साली वाट काढली, आधी कोरड्या, म्हणजे पाणी नसलेल्या, ईथर या द्रावकात मॅग्नेशियम घाला. ते कार्बन आणि ब्रोमिनच्या मधे शिरतं, स्वतःचे इलेक्ट्रॉन देतं, आणि तोच कार्बन आता देणारा होतो! 1912 चं नोबेल मिळालं त्यांना, पॉल साबातिए यांच्यासोबत.

पण असा कार्बन पाणी दिसलं की आधी त्याचाच हायड्रोजन ओढतो आणि साधं बेन्झीन होऊन बसतो, खेळ खल्लास. म्हणून फ्लास्क ओव्हनमध्ये तापवून घ्यायचा, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या तोंडाला हवेतली ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावायची.

तरी कधीकधी काहीच होत नाही, कारण मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर असतो. मग आयोडीनचा एक खडा टाकतात. द्रावण तपकिरी होतं, थोड्या वेळाने रंग उडतो, सगळं गढूळ दिसायला लागतं, धातूपाशी बारीक बुडबुडे येतात आणि खाली काहीही तापवत नसताना ईथर आपोआप उकळतं. हे बघायला मला अजूनही फार आवडतं. ईथर उकळतं 34.6 अंशांना, म्हणजे मुंबईत मे महिन्याच्या दुपारी जवळपास लॅबच्याच तापमानाला, त्यामुळे बर्फ हाताशी हवाच आणि बर्नर आसपासही नको, वाफ भस्सकन पेटते.

मग बेन्झोफेनोन, म्हणजे आपला कीटोन, हळूहळू सोडायचं, जोड झाली की शेवटी सौम्य ॲसिड, म्हणजे आता पाणी चालतं, उलट लागतंच, त्याशिवाय आपल्याला हवं ते अल्कोहोल, ट्रायफेनिलमेथॅनॉल, सुटत नाही. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी बनवतानाही हीच रिॲक्शन वापरतात, फक्त कारखान्यात ईथरऐवजी बहुतेक वेळा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, ईथरसारखंच एक द्रावक) घेतात, ते 66 अंशांना उकळतं म्हणून सांभाळायला सोपं जातं.