हँडहेल्डवर जुन्या गेम्सचा संच घेताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"यात किती गेम्स आहेत?" आमच्याकडे आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. साहजिक आहे, खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात तोच आकडा छापलेला असतो. आम्ही मात्र आधी दुसरंच विचारायला सांगतो: मूळ गेम ज्या पडद्यासाठी बनला होता, तो हँडहेल्डच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राच्या, छोट्या पडद्यावर बसवलाय कसा?

चक्रव्यूहात चार भुतांना चुकवत खेळायचा पॅक-मॅनच घ्या. १९८० साली तो आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या) उभ्या पडद्यासाठी बनला. रुंदी २२४ पिक्सेल, उंची २८८. आणि २००१ च्या हँडहेल्डचा, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा आडवा, २४० बाय १६०. आता २८८ ओळी १६० मध्ये मावणार कशा? एक तर चित्र दाबून बारीक करायचं, नाहीतर चक्रव्यूहाचा तुकडा दाखवून बाकीचा सरकवत राहायचं. त्याच साली आलेल्या 'पॅक-मॅन कलेक्शन'मध्ये दोन्ही सोयी होत्या. दाबलेल्या चित्रात डोळे ताणावे लागतात, तरी आम्ही तेच सुचवतो. चारही भुतांवर एकाच वेळी नजर ठेवायची, हीच या गेमची गंमत; सरकत्या पडद्यावर खालचं भूत अंगावर आल्यावरच दिसतं.

पुढे २००४ मध्ये सोनीचा हँडहेल्ड पीएसपी आला, ४८० बाय २७२. इथे पॅक-मॅनला अवघ्या १६ ओळी कमी पडतात! पण पीएसपी उभा धरला की तोच गेम एकही पिक्सेल न दाबता बसतो. 'नामको म्युझियम बॅटल कलेक्शन'मध्ये तशी सोय आहे. बटणं मग विचित्र जागी येतात, थोडी सवय करावी लागते.

निन्टेन्डो स्विचच्या पडद्यावर ७२० ओळी आहेत. जुन्या घरगुती कन्सोलचं २४० ओळींचं चित्र त्यात बरोबर तिप्पट होतं. पूर्ण पटीत मोठं केलेलं चित्र स्वच्छ दिसतं. सव्वातीन पट वगैरे केलं की काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि चित्र सरकताना लुकलुकतं. त्यामुळे मेनूमध्ये 'पिक्सेल परफेक्ट' असेल तर तेच निवडा. सेगाच्या गेम्समधला सडपातळ सोनिक अचानक गुबगुबीत दिसू लागला, तर कुणीतरी चित्र ताणून पडदाभर केलंय असं समजा. उभ्या आर्केड गेम्ससाठी स्विचही उभा धरता येतो, पण त्यासाठी जॉय-कॉन (दोन्ही बाजूंचे बटणांचे भाग) सुटे करावे लागतात. स्विच लाइटचे ते निघत नाहीत, तेव्हा असे गेम्स आवडत असतील तर लाइट घेण्याआधी विचार करा.

ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा चेंडू) किंवा फिरत्या चकतीवर खेळायचे गेम्स, उदाहरणार्थ मिसाइल कमांड किंवा अर्कनॉइड, बटणांवर जड जातात. संचात ते असणं ही आमच्या लेखी जमेची बाजू नाही.

युरोपातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या) टीव्हींसाठी काढलेल्या आवृत्त्या संचात असतील, तर तेही बघून घ्या. ६० हर्ट्झसाठी बनलेले बरेच गेम्स त्यात सुमारे १७ टक्के संथ चालतात, संगीतसुद्धा रेंगाळतं.

खोक्यात नक्की काय आहे, हा वेगळाच घोळ. अमेरिकेत 'मेगा मॅन लेगसी कलेक्शन १+२' स्विचसाठी आलं, तेव्हा कार्ट्रिजवर (आपल्यातले बरेच जण अजून कॅसेटच म्हणतात) पहिला भाग होता, दुसरा कोड टाकून डाउनलोड करायचा होता. असा संच सेकंडहँड घेतला की कोड बहुधा वापरून झालेला असतो. डाउनलोडने मिळणारे संच ऑनलाइन दुकानातून उठतातही: सेगाने मेगा ड्राइव्ह या आपल्या जुन्या कन्सोलच्या गेम्सचा संच डिसेंबर २०२४ मध्ये डाउनलोड विक्रीतून काढला. परवान्यांची गुंतागुंत कार्ट्रिजलाही चुकत नाही. एव्हरकेड या कार्ट्रिजवर चालणाऱ्या यंत्रासाठी निघालेले नामको म्युझियमचे दोन संच हँडहेल्डवर चालतात, पण टीव्हीला जोडायच्या एव्हरकेड व्हीएसवर चालत नाहीत.

'४०० इन १' छापाची यंत्रं आम्ही ठेवत नाही. एकच गेम नाव बदलून दहादा भरलेला असतो, आणि मूळ कंपनीचा परवाना नसतो.

राहिलं सेव्हचं. नव्या संचांत बहुधा कुठेही थांबून तिथूनच पुढे खेळता येतं. गेम बॉयच्या बऱ्याच जुन्या कार्ट्रिजमध्ये मात्र सेव्ह एका छोट्या गोल बॅटरीवर तगून असतं. ती संपली की सेव्ह गेलं, आणि बदलायला काढली तरी गेलं. म्हणून कार्ट्रिज बॅटरी बदलायला देताना आतलं सेव्ह हवं असेल तर तेव्हाच सांगा. आम्ही आधी त्याची प्रत संगणकावर उतरवून घेतो. बॅटरी काढल्यावर सांगितलंत, तर आमच्याही हातात काही उरत नाही.