केअरलेस आणि केअरफ्री : न घेतलेली काळजी, न केलेली काळजी

एका मुलाने नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल लिहिलं होतं, ‘आय ॲम अ केअरलेस पर्सन.’ त्याला सांगायचं होतं की मी फार टेन्शन घेत नाही, मजेत असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो चाव्या हरवणारा, तारखा विसरणारा, भलत्याच माणसाला फाइल पाठवणारा उमेदवार. त्याला हवा होता तो शब्द केअरफ्री.

चूक हसण्यासारखी, पण तिच्यामागचं गणित बरोबर आहे. केअर म्हणजे काळजी, लेस म्हणजे नसलेला, तेव्हा काळजी नसलेला तो केअरलेस. घोळ ‘काळजी’तच आहे, आणि तो मराठीतही तस्साच आहे. आपण काळजी करतोही आणि घेतोही. परीक्षेची काळजी करणारा रात्रभर कूस बदलत राहतो. काळजी घेणारा आदल्या संध्याकाळीच पेन आणि ओळखपत्र पिशवीत टाकून झोपतो. काळजी करत नाही तो केअरफ्री, घेत नाही तो केअरलेस. पहिल्यासाठी आपल्याकडे निश्चिंत, निर्धास्त, बिनघोर असे छान शब्द आहेत. दुसऱ्यासाठी निष्काळजी, हलगर्जी, आणि घरातलाच कुणी असेल तर वेंधळा. ‘बेफिकीर’ मात्र दोन्ही घरचा पाहुणा आहे, म्हणून भाषांतर करताना मी त्याला शक्यतो बोलावत नाही.

गंमत म्हणजे, त्या मुलाचं इंग्रजी चुकलं ते फक्त काळाच्या हिशेबाने. जुन्या इंग्रजीत केअर म्हणजे मुळात दुःख, चिंता. आणि केअरलेसचा जुना अर्थ ‘चिंता नसलेला’ असाच होता. पुढे ‘लक्ष न देणारा’ हा अर्थ वरचढ झाला. केअरफ्री त्या मानाने नवा, 18व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलेला. त्यामुळे जुन्या इंग्रजी कवितेत कुणी केअरलेस भेटलाच, तर त्याला निष्काळजी ठरवण्याआधी आजूबाजूच्या ओळी वाचून घ्याव्यात.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. हा ‘लेस’ म्हणजे ‘कमी’ नव्हे. ‘कमी’वाला लेस वेगळा. शब्दाच्या शेपटीला लागणारा लेस ‘विना, मुक्त’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दातून आलाय. त्यामुळे तो नेहमी दूषणच देतो असं नाही. पेनलेस, फिअरलेस यांत तो कौतुकाचाच आहे. पण एकाच शब्दाला लेस आणि फ्री दोन्ही लागतात तेव्हा बोलणाऱ्याचा कल उघडा पडतो. चाइल्डलेस म्हणताना उणीव ऐकू येते, चाइल्डफ्री म्हणताना स्वतःची निवड.

वापरात केअरलेस फार फिरतो. तो माणसाला लागतो, चुकीला लागतो, बोलण्यालाही लागतो : केअरलेस ड्रायव्हर, केअरलेस मिस्टेक, केअरलेस रिमार्क. वस्तू किंवा पैसे नीट न सांभाळणारा केअरलेस ‘विथ’ मनी. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करणारा केअरलेस ‘अबाउट’ स्पेलिंग. आपलीच चूक कबूल करायची तर ‘इट वॉज केअरलेस ऑफ मी’. केअरफ्रीचं घर त्यामानाने लहान : बालपण, सुट्टीचे दिवस, हसणं, स्वभाव. ‘केअरफ्री मिस्टेक’ असं काही नसतं. शिवाय केअरलेसचं केअरलेसली होतं; केअरफ्रीचं तसं सहज रूप नाही, तिथे ‘इन अ केअरफ्री वे’ असा वळसा घ्यावा लागतो.

केअरलेसची एक छटा मला विशेष आवडते, कारण तिच्यात दोषच नाही. ‘केअरलेस एलिगन्स’ म्हणजे अव्यवस्थित कपडे नव्हेत. मुद्दाम नटल्यासारखं न दिसता साधलेला रुबाब. ‘केअरलेस श्रग’ म्हणजे ‘असेल बुवा’ म्हणत उडवलेले खांदे. इथे ‘निष्काळजी’ लिहिलं की वाक्य मेलंच. सहज, अनायास, फार तर बेपर्वा. त्या क्षणी माणूस कसा दिसतो त्यावरून निवडायचं. आणि ‘आय कुडन्ट केअर लेस’ ऐकलं तर गोंधळू नका. तिथला लेस ‘कमी’वालाच : याहून कमी फिकीर करणं शक्यच नाही, म्हणजे मला काडीचंही देणंघेणं नाही.

शेजारचे दोन शब्द थोडक्यात. नेग्लिजंट हा केअरलेसचा कोट घातलेला भाऊ : पाळायला हवी ती जबाबदारी पाळली नाही, असा ठपका त्यात असतो, म्हणून तो डॉक्टर, मालक, पालक यांच्याबद्दल आणि कोर्टात जास्त ऐकू येतो. रेकलेस आणखी पुढचा. केअरलेस माणसाला समोरचा खड्डा दिसत नाही. रेकलेसला दिसतो, तरी तो गाडी दामटतो. ब्रिटनच्या कायद्याने मात्र रस्त्यावर वेगळी फूटपट्टी धरली. सक्षम, सावध चालकाकडून जी अपेक्षा, तिच्या खाली गेलं की केअरलेस ड्रायव्हिंग. तिच्या फारच खाली गेलं, आणि धोका कुणाही समंजस चालकाला दिसावा इतका उघड असला, की डेंजरस. तिथे पूर्वी रेकलेस ड्रायव्हिंग हाही गुन्हा होता. 1991च्या कायद्याने तो काढून त्याच्या जागी डेंजरस आणला. तेव्हापासून चालकाच्या मनात काय होतं यापेक्षा त्याने गाडी कशी चालवली, हे तिथे आधी बघतात.