सिद्ध कोणी करायचं?

कुठे पूल कोसळला किंवा औषधात भेसळ सापडली, की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "माणसांत नीतिमत्ताच उरली नाही." मग उपायही ठरलेला असतो. मूल्यांवर कार्यशाळा घ्यायची, कर्मचाऱ्यांकडून शपथपत्र भरून घ्यायचं आणि भिंतीवर 'आमची मूल्ये' असा फलक लावायचा. हे निदान मला पटत नाही. नोकरीत भयंकर निर्णय घेणारी माणसं बहुतेकदा चारचौघांसारखीच प्रामाणिक असतात. मग तो प्रामाणिकपणा नेमक्या निर्णयाच्या वेळी कामाला का येत नाही? याचा अभ्यास करायला २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून 'चॅलेंजर' हे अवकाशयान उडायचं होतं. त्यात सात जण होते, त्यातल्या एक शाळेतल्या शिक्षिका. यानाच्या दोन्ही बाजूंना बूस्टर, म्हणजे यान वर ढकलणारे घन इंधनाचे अवाढव्य रॉकेट, असत. ते युटा राज्यातली मॉर्टन थायोकोल ही कंपनी तुकड्यातुकड्यांत बनवायची आणि तुकडे फ्लोरिडात जोडले जायचे. प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन गोल कड्या असत, एक मुख्य आणि एक राखीव. जाडी जेमतेम ७ मिलिमीटर, घेर मात्र ११ मीटरपेक्षा जास्त. आतला धगधगता वायू बाहेर पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. प्रेशर कुकरची रिंग कडक झाली की वाफ कडेने निसटते, तोच धोका इथे होता. फरक वेळेचा होता. बूस्टर पेटताक्षणी आतल्या दाबाने पोलादी कवच फुगतं आणि सांध्यातली फट किंचित रुंदावते. दाबलेल्या कडीने सेकंदाच्या काही अंशांत प्रसरण पावून ती फट भरली पाहिजे.

थंड रबर हे चपळाईने करू शकत नाही. कंपनीतले अभियंते रॉजर बोझोले आणि आर्नी थॉम्पसन यांना हे ठाऊक होतं. १९८५ मधल्या चाचण्यांत ३८ अंश सेल्सिअसला कडीचा संपर्क सुटला नव्हता. २४ अंशांना तो २.४ सेकंद सुटला. १० अंशांना तर दहा मिनिटं थांबूनही कडी परत टेकली नाही, तेव्हा चाचणीच बंद केली. त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या सर्वांत थंड उड्डाणानंतर बोझोले यांनी सांध्यातली काळीकुट्ट काजळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे मुख्य कडी ओलांडून वायू पुढे गेला होता. ३१ जुलै १९८५ ला त्यांनी वरिष्ठांना लेखी इशारा दिला: हे सोडवलं नाही तर माणसं मरतील.

२७ तारखेच्या संध्याकाळी सांध्याचं तापमान सकाळी उणे २ अंशांच्या आसपास असेल असा अंदाज आला. थायोकोल आणि नासा यांच्यात टेलिफोनवर बैठक झाली. १२ अंशांखाली उडू नका, असं थायोकोलने स्पष्ट सांगितलं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. धोका आकड्यांत दाखवा, अशी मागणी झाली. बोझोले यांचं उत्तर चौकशीच्या नोंदीत आहे. आकड्यांत मांडता येणार नाही, पण परिस्थिती चांगल्यापासून दूर चालली आहे एवढं मला कळतं, असा त्याचा आशय. थायोकोलने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासावर गेली. थॉम्पसन यांनी वरिष्ठांसमोर सांध्याचं चित्र काढून पाहिलं, बोझोले यांनी काजळीचे फोटो पुढे केले. कोणी ऐकत नाही हे दिसल्यावर दोघेही आपापल्या जागी जाऊन बसले. मग वरिष्ठ अधिकारी जेराल्ड मेसन यांनी अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख रॉबर्ट लंड यांना सांगितलं: इंजिनिअरची टोपी काढा, मॅनेजरची घाला. चार अधिकाऱ्यांनी उड्डाणाच्या बाजूने मत दिलं. अभियंत्यांना मत विचारलंच नाही. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे अ‍ॅलन मॅकडोनल्ड यांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला, तेव्हा युटातून दुसऱ्याची सही मागवली गेली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झालं. सातही जण गेले.

टोपीचं वाक्य सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती लंड यांची चौकशी आयोगापुढची साक्ष. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: आजवर आम्हाला उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायची वेळ आमच्यावर आली, आणि ते आम्हाला जमलं नाही.

इथे जरा खोलात जाऊ. संख्याशास्त्रात कुठलीही चाचणी एका 'शून्य गृहीतका'पासून सुरू होते. ते खोटं आहे असा भक्कम पुरावा मिळेपर्यंत ते मान्य धरून चालतात. 'उड्डाण असुरक्षित आहे' हे गृहीतक घेतलं, तर पुरावा आणण्याचा भार उडवू पाहणाऱ्यावर पडतो. 'सुरक्षित आहे' हे घेतलं, तर तो अडवणाऱ्यावर जातो. पुरावा मुबलक असेल तर सुरुवात कुठूनही केली तरी शेवटी उत्तर सारखंच येतं. पण इथे याआधीची उड्डाणं होती अवघी २४, आणि त्यांतलं सर्वांत थंड १२ अंशांचं. उणे २ अंशांना कोणी उडालंच नव्हतं. म्हणजे उड्डाणांच्या माहितीतून 'सुरक्षित' हेही सिद्ध होत नव्हतं आणि 'असुरक्षित' हेही. अशा वेळी ज्याच्यावर भार, तो हरतो. निकाल माहितीमुळे ठरत नाही, गृहीतकाच्या निवडीमुळे ठरतो. आणि कुठलं गृहीतक निवडायचं हे गणित सांगू शकत नाही. एका बाजूला उड्डाण काही दिवस पुढे ढकलण्याचं नुकसान, दुसऱ्या बाजूला सात जीव. यातली कुठली चूक जास्त महाग, हे ठरवणं म्हणजे शुद्ध मूल्यनिर्णय. माणसाची मूल्यं कामाला यायची जागा हीच होती. पण भार ज्या घडीला सरकला त्या घडीला कोणी हात वर करून 'हा कशासाठी सरकवला?' असं विचारलं नाही, कारण तो मूल्यांचा प्रश्न आहे हे कोणाला दिसलंच नाही.

होती ती माहितीही अर्धीच वापरली गेली. चर्चा फक्त कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांची झाली. इजा १२ अंशांनाही झाली होती आणि २४ अंशांनाही, तेव्हा तापमानाशी संबंध नाही असा युक्तिवाद आला. पण इजा न झालेली उड्डाणंही त्याच तक्त्यात मांडा: १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा, वरच्या सगळ्यांत मिळून फक्त तिनांत. १९८९ मध्ये संख्याशास्त्रज्ञांनी हीच माहिती नीट वापरून हिशेब केला. त्या सकाळच्या तापमानाला प्राणघातक बिघाडाची शक्यता किमान १३ टक्के निघाली, सुमारे १६ अंशांपर्यंत थांबलं असतं तर २ टक्के.

प्रश्नाची चौकट बदलली की मूल्यं बाजूला पडतात, हे प्रयोगातही दिसलं आहे. अ‍ॅन टेनब्रुन्सेल आणि डेव्हिड मेसिक यांनी १९९९ मध्ये लोकांना कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या भूमिकेत बसवलं. प्रदूषण कमी करण्याचा करार झालेला, तो पाळायचा की मोडायचा? काहींना सांगितलं, मोडलात तर छोटासा दंड होईल, तपासणी मात्र कधीतरीच. काहींना दंडच नव्हता. दंडवाल्यांनी करार जास्त मोडला. बिनदंडवाल्यांना तो नीतीचा निर्णय वाटत होता, दंडवाल्यांना धंद्याचा. माणसं तीच, पण हिशेबाची वही उघडली आणि दुसरी मिटली.

म्हणूनच झटपट उपायांपासून सावध राहायला हवं. हस्ताक्षरावरून उमेदवाराचा प्रामाणिकपणा ओळखून देण्याचे वर्ग चालतात. त्याला वैज्ञानिक आधार नाही. पण विज्ञानाचं लेबल लावलेल्या गोष्टीही तपासायला हव्यात. अर्जावर शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीला केली तर लोक खरं लिहितात, असा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध होता. कंपन्यांनी आणि सरकारांनी तो उचलून धरला. पुढे त्यातली माहिती बनावट निघाली आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचाच निबंध!

चॅलेंजरनंतर सांध्याची रचना बदलली. तिसरी कडी आली, सांध्यांना हीटर आले. ज्यांना आधी पदावरून हलवलं होतं त्या मॅकडोनल्ड यांच्याकडे, अमेरिकी संसदेने कान धरल्यावर, ते काम सोपवलं गेलं, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये अवकाशयानं पुन्हा उडू लागली.

रबराची कडी सुधारली, प्रश्नाची चौकट सुधारली नाही. १६ जानेवारी २००३ ला नासाचं 'कोलंबिया' हे अवकाशयान उडताना इंधनटाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला. यानात कल्पना चावला होत्या. पंखाला किती इजा झाली ते पाहायला कक्षेतले फोटो मिळावेत म्हणून अभियंत्यांनी धडपड केली. ते मिळाले नाहीत आणि १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं. चौकशी मंडळाच्या अहवालात लिहिलं आहे की, यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची नेहमीची अट उलटी होऊन, ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायची वेळ अभियंत्यांवर आली होती. मधे सतरा वर्षं गेली होती आणि बहुतेक माणसंही बदलली होती.

मंडळाने शिफारस केली ती मूल्यांच्या कार्यशाळेची नव्हती. तांत्रिक नियम ठरवण्याचा आणि त्यांतून सूट द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार एका स्वतंत्र यंत्रणेकडे असावा, तिचा पैसा थेट मुख्यालयातून यावा, आणि उड्डाणाच्या वेळापत्रकाशी किंवा खर्चाशी तिचा काही संबंध नसावा, असं मंडळाने म्हटलं. म्हणजे पुराव्याचा भार कोणावर, हे ऐन रात्रीच्या बैठकीत ठरणार नाही. ते आधीच कागदावर ठरलेलं असेल, आणि घाई असलेल्या माणसाला ते बदलता येणार नाही.