उंचावरून पडून झालेले मृत्यू : जखमा काय सांगतात

25 एप्रिल 1891 रोजी राजाबाई टॉवरवरून कोसळून दोन पारशी तरुणी मरण पावल्या. त्यांनी उडी घेतली की त्यांना कोणी ढकलले, या प्रश्नाने मुंबई ढवळून निघाली. खुनाचा खटला चालला आणि आरोपी निर्दोष सुटला. त्या काळी अशा मृत्यूची चौकशी 1871 च्या कायद्यानुसार कॉरोनर करीत असे आणि ज्यूरीला मृतदेह प्रत्यक्ष पाहावा लागे. मुंबईतले हे पद 1999 मध्ये रद्द झाले. आता पोलीस अपमृत्यूची नोंद करतात, ज्याला ठाण्यात सगळे ‘एडीआर’च म्हणतात, पंचनामा होतो आणि मृतदेह शवागारात जातो.

पडण्याचे शास्त्र घडले ते बरेचसे अपघातातून वाचलेल्यांमुळे. ह्यू डी हेवन यांनी 1942 मध्ये 50 ते 150 फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास मांडला आणि उंचीइतकेच महत्त्व शरीर किती अंतरात थांबते व आघात किती भागावर पसरतो याला आहे, हे दाखवले. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे 30 मीटरवरून, पडणारा माणूस अडीच सेकंदांत ताशी 87 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. मात्र मुंबईत वाटेत छज्जा, एसीची जाळी, केबल किंवा पत्र्याची शेड लागते, आणि एकाच देहावर दोन-तीन आघातांच्या खुणा उमटतात. मारहाणीच्या जखमांशी त्यांची गल्लत होण्याचा धोका असतो, म्हणून वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याची उंची मोजावी लागते.

पायांवर पडलेल्याच्या दोन्ही टाचा चुरतात, पाठीचे मणके दबतात आणि कण्याचा धक्का वर पोहोचून कवटीच्या तळाला, मज्जारज्जूच्या छिद्राभोवती, कड्यासारखा अस्थिभंग होतो. बाहेरून यातले फारसे दिसत नाही. टाचांवर व पाठीवर छेद घेतला नाही, तर ही नोंद राहूनच जाते. तरीही शरीर कसे आदळले एवढेच यावरून कळते. ते कठडा कसे ओलांडून गेले, हे कळत नाही. भिंतीपासूनच्या अंतरावरून ते ठरवण्याचा मोह जुना आहे. सिडनीच्या ‘द गॅप’ कड्याखाली 1995 मध्ये सापडलेल्या तरुणीच्या प्रकरणात अशा गणिताचा आधार घेतला गेला, 2008 मध्ये शिक्षा झाली आणि 2012 मध्ये अपिलात ती रद्द झाली.

माझ्या मते खरी साक्ष बहुधा वरच असते: कठड्यावरच्या धुळीत उमटलेली बोटे कोणत्या दिशेला वळली आहेत, शेवाळावर चप्पल घसरल्याचा ओरखडा आहे का, तळहाताला चुना लागला आहे का. पावसाळ्यात हे सगळे तासाभरात धुऊन जाते, आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती बहुतेकदा फक्त पंचनाम्याचा कागद येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पण अपमृत्यूची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे.