आटणे

आटणे (अकर्मक क्रियापद, प्रयोजक : आटवणे, नाम : आटणी, विशेषण : आटीव) : आतले पाणी, ओल किंवा जोर कमी होत जाऊन एखादी गोष्ट मापाने घटणे. दूध आटते, विहीर आटते, गाय आटते, कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि माणसांमधली मायाही आटते. आकसणे, आखडणे, ओसरणे, रोडावणे ही क्रियापदे अर्थाने शेजारची असली तरी एकाच्या जागी दुसरे क्वचितच चालते. पुढची उदाहरणे मुख्यतः इंदूरच्या मराठी घरांतली आहेत. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि राजवाड्याच्या आसपास मराठी वस्ती वाढली. तिची बोली आज हिंदी आणि माळवीच्या वेढ्यात असली तरी स्वयंपाकघरात हा शब्द टिकून आहे.

शब्दाचा मूळ मुक्काम कढईत आहे. गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के आणि म्हशीच्या दुधात सुमारे ८३ टक्के पाणी असते. उकळताना हे पाणी उडते. स्निग्धांश, प्रथिने आणि दुधाची साखर मागे राहतात. म्हणून कढईतले दूध आटते तसे दाट होते. ते किती आटवायचे यावर पदार्थाचे नाव ठरते. साधारण निम्म्यावर आणले की बासुंदी. रबडीसाठी याहून बरेच पुढे जावे लागते. पाणी जवळजवळ संपवले की मावा. म्हशीच्या एका लिटर दुधाचा तो दोनशे ग्रॅमच्या थोडा वर भरतो. प्रमाणाइतकाच हाताचाही फरक असतो. बासुंदी ढवळत राहावी लागते, साय धरू द्यायची नसते. रबडीत उलट मंद आचेवर साय मुद्दाम धरू देतात आणि उलथन्याने अलगद ओढून कढईच्या कडेला चिकटवत जातात. शेवटी ते थर खरवडून खालच्या आटलेल्या दुधात सोडले की लच्छे होतात. घाई करून आच वाढवली तर दूध आटण्याआधी खाली लागते आणि करपलेला वास कितीही वेलची घातली तरी जात नाही. कोजागरीचे मसाला दूध मात्र फार आटवू नये. ते पेल्याने प्यायचे असते, चमच्याने खायचे नसते.

इंदूरच्या भुट्ट्याच्या किसात हीच क्रिया तिखटाच्या बाजूने येते. पावसाळ्यात कोवळी कणसे किसून तुपाच्या फोडणीवर परततात, हिरवी मिरची घालतात, मग दूध ओतून ते पार आटेपर्यंत शिजवतात. दूध पुरते आटले नाही तर कीस लापशीसारखा लागतो. हा पदार्थ शहरातल्या सराफा बाजारात रात्री मिळतो, आणि या शब्दाच्या दृष्टीने सराफ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकाने चालतात. ती मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात आणि रबडी-जिलबी मध्यरात्र उलटेपर्यंत खपते. जुन्या पाटल्या मोडून नव्या करायच्या तर सोनार ‘आटवून’ देतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण वितळल्याने ते स्वतः कमी होत नाही. जाते ते डागाचे, म्हणजे सांधा जोडायला वापरलेल्या धातूचे मिश्रण, मळ, खड्याखालची लाख. गिऱ्हाइकाला हे पटवणे सोनाराच्या जन्माचे काम, कारण वजनात जी घट येते ती गिऱ्हाइकाच्या मते नेहमी जास्तच असते.

कापडाच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे, आणि इथे शब्द जरा सैल वापरला जातो. धुतल्यावर आटलेल्या परकराचे वजन जवळपास पूर्वीइतकेच असते. त्यातले काहीच गेलेले नसते. मागावर धागे ताणून धरलेले असतात, विशेषतः उभे, म्हणजे ताण्याचे. पाणी लागले की कापसाचा धागा फुगतो, ताण सोडतो आणि कापड आपल्या मूळ मापाला परत जाते. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. खरे तर याला आकसणे म्हणायला हवे. पण बोलणारे ऐकत नाहीत, आणि त्यांचेच बरोबर धरावे लागते. साडीचा फॉल रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा, हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असते. कोरा फॉल तसाच लावला तर पहिल्या धुण्यानंतर तो आटतो, साडी आटत नाही, आणि निऱ्यांच्या खालची कड चुण्या पडून वर ओढली जाते. ब्लाउजच्या अस्तराचेही तेच. म्हणून शिंपी माप घेण्याआधी विचारतो, ‘अस्तर पाण्यातून काढलंय ना?’ गिरणीतच कापड ओलसर करून यंत्राने आधी दाबून घेण्याची पद्धत सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन संशोधकाने बसवली. तिचे पेटंट १९३० सालचे. कापडावरचा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का तेव्हापासूनचा. इंदुरात तरुण पिढी आता ‘कुर्ता सिकुडला’ म्हणते. हिंदीतला हा शब्द कापडापुरता घुसला आहे, दुधापर्यंत पोचलेला नाही.

पाण्याच्या संदर्भात आटणे आणि ओसरणे यांची गल्लत करू नये. पूर ओसरतो, म्हणजे पाणी पुढे निघून जाते. तळे आटते, म्हणजे जागच्या जागी संपते. माळव्याची ख्याती ‘डग डग रोटी, पग पग नीर’ अशी. पण पठार काळ्या बसाल्टचे आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे उपसा वाढला की उथळ विहिरी उन्हाळ्यात लवकर आटतात. होळकरांच्या काळातली सिरपूर, बिलावली आणि यशवंत सागर ही जलाशये शहराला पुरेनाशी झाली, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून नर्मदा पठारावर चढवून आणली. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. शहरातली कान्ह नदी मात्र आटली असे कोणी म्हणत नाही. ती वाहते, काय घेऊन वाहते हा प्रश्न वेगळा. गंमत म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त आकसणारी वस्तू, ती काळी माती, तिला हे क्रियापद कधी लागत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी गेले की अंग चोरते, शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, काळ्या मातीवर उथळ पाया घातलेल्या घरांच्या भिंती तडकतात. तरी जमीन ‘भेगाळते’, आटत नाही.

जनावरांच्या बाबतीत आटणे ही नेहमी तक्रार नसते. गाभण गाय विण्याआधी साधारण दोन महिने मुद्दाम ‘आटवतात’, म्हणजे धारा काढणे हळूहळू बंद करतात, जेणेकरून तिचे अंग भरावे आणि पुढच्या वेताला दूध चांगले यावे. बाळंतिणीच्या अंगावरचे दूध आटले, ही मात्र काळजीचीच बातमी, आणि ती घरात दबक्या आवाजात सांगितली जाते.

लाक्षणिक उपयोग थोडे पण ठसठशीत आहेत. ‘रक्त आटवून’ मुलांना शिकवले, असे बाप म्हणतो आणि आई बहुधा म्हणत नाही. रडून रडून डोळ्यांतले पाणी आटते. मिळकतीचा झरा आटतो. वाटण्या झाल्यावर भावाभावांतली माया आटते. ती आखडत नाही, आखडतो तो हात. संख्येसाठी हे क्रियापद ओढूनताणून वापरू नये : सभेची उपस्थिती रोडावते, वर्गातली मुले कमी होतात. ‘इंदुरातली मराठी आटत चालली’ असे जुनी मंडळी म्हणतात ते चालते, कारण भाषेला ती ओल मानतात.