भाड्याचा पिक्चर, मालकीची कॅसेट

पार्श्वभूमी : सोलापूरकरांच्या कपाटातल्या कॅसेट आणि डिस्क

सोलापुरात पिक्चर घरी आला तो भाड्याने. आज इथे कोणी ब्लू-रे जमवताना किंवा जुन्या व्हीसीडींचे गठ्ठे चाळताना दिसला, की हा हौसेच्या खरेदीचा मामला आहे असं वाटतं. पण या शहराने आधी दीड-दोन दशकं कॅसेट भाड्याने आणल्या, रात्रीत पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी परत केल्या. विकत घेऊन ठेवण्याची सवय मागाहून लागली, आणि तीही थोडीच वर्षं टिकली. आजच्या संग्रहांत काय सापडतं आणि काय काही केल्या सापडत नाही, हे याच क्रमाने ठरवलंय.

घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या पद्धती दोन : सोनीचं बीटामॅक्स १९७५ साली जपानात बाजारात आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. बीटामॅक्सचं चित्र उजवं, असं जाणकार तेव्हाही म्हणायचे. पण त्याची सुरुवातीची कॅसेट तासाभरात संपायची, व्हीएचएसची दोन तास चालायची. पुढे दोघांनीही वेळ वाढवला, तोवर बाजार व्हीएचएसकडे झुकला होता. आपल्याकडे हिशेब आणखी साधा होता : तीन तासांचा हिंदी पिक्चर एका कॅसेटमध्ये मावला पाहिजे. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ई-१८० ही व्हीएचएस कॅसेट १८० मिनिटं चालायची. त्यातूनही पिक्चर लांबलाच, तर कॉपी मारणारा एखादं गाणं बेलाशक उडवायचा. असे बिनगाण्याचे पिक्चर पाहून मोठी झालेली माणसं अजून आहेत. टीव्हीवर ते गाणं लागलं की ती दचकतात.

देशात व्हिडिओने जोर धरला तो १९८२ मध्ये. १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड भरलं आणि त्या निमित्ताने परदेशी रंगीत टीव्ही आणण्यावरची बंधनं सैल झाली. त्याच लाटेत व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारी मशीन, आले. कोणी आखातातून येताना आणले, कोणी मुंबईहून मिळवले. नॅशनल, अकाई, सोनी ही नावं पोरांनाही पाठ होती. मात्र गिरणीत किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्याला, विड्या वळणाऱ्या बाईला व्हीसीआर विकत घेणं शक्यच नव्हतं. मग वर्गणी निघायची. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी आणायच्या, ओसरीत किंवा बोळातच मांडायच्या आणि पहाटेपर्यंत तिन्ही संपवायच्या. तिसऱ्या पिक्चरला निम्मी गल्ली झोपलेली असायची. पण पैसे भरलेत म्हणून मशीन बंद करायला कोणी तयार नसायचं.

ते तीन पिक्चर कोणते, यात सोलापूरचा नकाशाच दिसायचा. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची वस्ती मोठी, घरची भाषा तेलुगू. तिथे तीनपैकी एक तरी कॅसेट तेलुगू लागायची, शक्यतो पौराणिक. लिंगायत घरांत कन्नड चालायचं, हिंदी सगळ्यांचंच. मराठी पिक्चर आला तर तो बायकांच्या आग्रहाने. तेलुगू माल हैदराबादहून यायचा, कन्नड विजापूरकडून. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचं गाव असल्याचा हा एक फायदाच म्हणायचा. याच रस्त्यावर धावणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांवर पुढे ‘व्हिडिओ कोच’ अशी अक्षरं आली, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टीव्हीत रात्रभर पिक्चर चालू लागला.

मग लायब्रऱ्या निघाल्या. पुस्तकांच्या लायब्ररीचाच नमुना : डिपॉझिट, सभासद क्रमांक, वहीत नोंद, उशीर झाला तर दंड. मुंबईतली शेमारू ही कंपनीसुद्धा मुळात १९६२ साली पुस्तकं फिरवणारी लायब्ररीच होती, व्हिडिओत ती नंतर उतरली. सोलापुरातल्या दुकानात भिंतभर काळ्या कॅसेट, पाठीवर स्केचपेनने लिहिलेली नावं आणि काउंटरवर पाटी : ‘रिवाइंड करून आणणे’. गिऱ्हाईक आत शिरतानाच विचारायचं, “काय बे, नवीन काय आलंय?” दुकानदार हळू आवाजात सांगायचा, कारण नवीन जे आलेलं असायचं ते बहुधा आणायलाच नको होतं.

ही चोरी कायद्याच्या नजरेतून सुटली नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि त्यात कलम ५२-अ आलं. व्हिडिओ कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराची परवानगी घेतल्याचं निवेदन छापणं सक्तीचं झालं. अस्सल कॅसेटच्या खोक्यावर आणि पिक्चरच्या आधी दिसणारा तो रुक्ष मजकूर इथला. संग्राहकाला आज तो फार कामाचा. मजकूर धड छापलेला असेल तर कॅसेट अस्सल असण्याची आशा धरता येते. झेरॉक्सवर हाताने गिरवलेला असेल तर काय ते समजावं.

आता ती कॅसेट जरा उघडून पाहू. आत अर्धा इंच रुंदीची टेप, तिच्यावर चुंबकीय थर. मशीनमधला गोल ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची हेडं टेपवर तिरक्या रेघांत चित्र वाचतात. रेघ चुकली की पडद्यावर पांढरे पट्टे येतात. ट्रॅकिंगचं बटण त्यासाठी. कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आणि मोडलेल्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की पुन्हा होतं! दोन व्हीसीआर वायरीने जोडून कॉपी मारायचे, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दर पिढीला रंग पसरायचा, लाल सगळ्यात आधी. चौथ्या-पाचव्या कॉपीत नायिकेची साडी तिच्या बाजूने चालत असल्यासारखी दिसायची. सोलापूरच्या जुन्या कपाटांतून निघणाऱ्या बहुतेक व्हीएचएस या असल्याच कॉप्या आहेत. चित्राच्या दर्जाने मोजलं तर कवडीमोल.

एक कॅसेट मात्र घराच्या मालकीची असायची, ती म्हणजे लग्नाची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून लग्नात फोटोवाल्याबरोबर व्हिडिओवाला आला, प्रखर लाइट घेऊन. त्या उजेडात अंतरपाटामागे नवरा-नवरी घामाने डबडबलेली दिसतात. वर सनईच्या जागी सिनेमाचं गाणं, बदामाच्या आकारात फिरणारे चेहरे. पिक्चर परत करायचा असायचा, लग्न ठेवायचं असायचं. लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डांबराच्या गोळीसकट जपलेली कॅसेट हाच आमच्याकडचा पहिला घरगुती संग्रह, असं माझं मत आहे. तिची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. पिक्चरबद्दल असं क्वचितच म्हणता येतं.

नव्वदीत केबल आली आणि लायब्ररीचा धंदा बसला. अनेक ठिकाणी लायब्ररीवालाच केबलवाला झाला. मशीन आणि कॅसेट त्याच्याकडे होत्याच, फक्त वायर टाकायची बाकी होती. रात्री नऊला त्याच्या स्वतःच्या चॅनेलवर नवा पिक्चर लागायचा, खालून किराणा दुकानाची जाहिरात सरकत जायची.

दुकानांना पुन्हा जीव दिला तो व्हीसीडीने. तिचं तांत्रिक मानक १९९३ चं. फिलिप्स, सोनी, जेव्हीसी, मात्सुशिता यांनी ठरवलेलं. अमेरिकेत ती फारशी रुजली नाही, आशियात मात्र घरोघरी पोचली. गंमत अशी की व्हीसीडीचा वेग गाण्याच्या सीडीइतकाच ठेवलेला, म्हणून तिच्यावर वेळही तेवढाच, ७४ मिनिटं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे व्हीएचएसच्याच तोडीचं. पण हेड साफ करणं नाही, रिवाइंड नाही, आणि चिनी प्लेअर स्वस्त. हिंदी पिक्चर दोन किंवा तीन डिस्कमध्ये यायचा. दुसरी डिस्क नेमकी दुसऱ्याच घरी अडकलेली असायची. त्यात लोडशेडिंग. पिक्चर पुन्हा सुरू केला की प्लेअर पहिल्यापासून सुरुवात करायचा आणि रिमोट कोणाच्या हातात यावरून घरात भांडणं व्हायची.

याच काळात डिस्क ‘आपली’ झाली. मराठी नाटकांच्या, कीर्तनाच्या, भक्तिगीतांच्या व्हीसीडी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, देवळाबाहेर, एसटी स्टँडवर विकायला आल्या. पूर्व भागात वोल्गा व्हिडिओ, श्री बालाजी व्हिडिओ अशा हैदराबादी कंपन्यांच्या तेलुगू डिस्क मिळायच्या. पिक्चर भाड्याने आणणारं घर देवाची आणि नाटकाची सीडी विकत घ्यायचं, कारण ती पुन्हा पुन्हा लावायची असते.

डीव्हीडी जपानात १९९६ च्या नोव्हेंबरात आली होती. आपल्याकडे ती बराच काळ पैसेवाल्यांचीच राहिली. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आवाज सहा बाजूंनी आणि पूर्ण पिक्चर एका डिस्कवर. किंमत मात्र शेकड्यांत. मग २००७ मध्ये मोझर बेअरने बाजार उलटापालटा केला. १९८३ साली सुरू झालेली ही कंपनी कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. तिने पिक्चरचे हक्क घाऊक घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरीची डिस्कही साधारण याच भावाला मिळायची, मग चोरीची कशाला घ्या? सोलापूरकराने आयुष्यात पहिल्यांदा पिक्चर विकत घेतला तो या वेळी. नवी पेठेत चादर-टॉवेल घ्यायला आलेला माणूस जाता जाता दोन डिस्क घेऊन जायचा. आज शहरात ज्यांच्याकडे दोन-तीनशे डीव्हीडी आहेत, त्यांच्या कपाटातला मोठा भाग या पाच-सहा वर्षांतलाच निघतो.

चोरी थांबली नव्हतीच. २००९ मध्ये राज्याने १९८१ च्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेटची भर घातली. पोलिसांच्या पत्रकात त्या कायद्याचं लांबलचक नाव येतं, तेव्हा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्या पंगतीला ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ बसलेल्या दिसतात. सीडीवाल्याला हातभट्टीवाल्याइतकं, म्हणजे वर्षभरापर्यंत, स्थानबद्ध करता येईल असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात सीडीवाल्याला संपवलं ते मेमरी कार्डाने. मोबाइलच्या दुकानात थोड्या पैशांत कार्डभर पिक्चर भरून मिळू लागले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर कार्डाचीही गरज उरली नाही. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. दुकानं बंद झाली तेव्हा माल किलोवर गेला. भंगारवाल्याकडून, पथारीवरून जे उचललं गेलं, त्यावर इथले खरे संग्रह उभे आहेत. तेलुगू-कन्नड डिस्क मराठी संग्राहकाच्या घरी आढळतात त्या यामुळेच.

ब्लू-रे (२००६) सोलापूरच्या दुकानात कधी नीट आलीच नाही. मराठी पिक्चर त्यावर फार थोडे निघाले. घ्यायची तर बाहेरून मागवावी लागते आणि तिथे विभागाची भानगड आडवी येते, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही : डीव्हीडीसाठी भारत ५ क्रमांकात, ब्लू-रेसाठी ‘सी’त, अमेरिकन डिस्क १ आणि ‘ए’ची. फोर-के डिस्कला विभाग नाही, तेवढीच सोय.

मग आज डिस्क कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी घरचंच उदाहरण. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला, त्याची इंग्रजी आवृत्तीही केली. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क ६० वर्षं, म्हणजे २००६ अखेर तो संपला. आता कोणीही तो छापू शकतो, चढवू शकतो. त्यामुळे पिक्चर फुकट मिळतो, पण कोणत्या प्रिंटवरून घेतलाय, कुठे कापलाय, याची जबाबदारी कोणाचीच नाही. मूळ फिल्म सांभाळणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे. तिथल्याही नायट्रेट फिल्मचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचा, मोठा साठा जानेवारी २००३ च्या आगीत गेला. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत उरलेली नाही. हक्क चालू असलेल्या पिक्चरचं दुखणं वेगळं : करार संपला की तो ॲपवरून एका रात्रीत नाहीसा होतो, तुम्ही वर्गणी भरत असलात तरी.

सोलापूरच्या हवेत टेपला बुरशीचा धोका मुंबईपेक्षा कमी, उन्हाचा आणि धुळीचा जास्त. छापील डिस्क बऱ्यापैकी टिकते. घरी ‘राइट’ केलेल्या सीडीतला रंगाचा थर मात्र पत्र्याच्या खोलीतल्या उन्हाळ्यात उडतो, आणि वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर डिस्क वाकते. लग्नाच्या कॅसेटवरून वीस वर्षांपूर्वी करून घेतलेली डीव्हीडी चालत नाही आणि मूळ कॅसेट अजून चालते, असं बऱ्याच घरांत झालंय.

खरी अडचण आता मशीनची आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. इथे काही फोटो स्टुडिओंकडे कॅसेटवरून पेनड्राइव्ह करून देण्यापुरती जुनी मशीन आहेत, ती दुरुस्त करणारे कारागीर मोजकेच. कोणी जुना व्हीसीआर विकत देत असेल तर रबरी बेल्ट बघावेत, हेड स्पिरिटने पुसून घ्यावं आणि आधी एखाद्या टाकाऊ पिक्चरची कॅसेट घालून मशीन टेप खातंय का ते पाहावं. लग्नाची कॅसेट त्यानंतर.